गूळ कुणाकडे होता?

ऐका हो ऐका! करवीरनगरीच्या इतिहासात बारा वर्षं दडवून ठेवलेली एक भयंकर गोष्ट मी आज उघड करतोय. बायकोला सांगितलेली नाही. अंबाबाईलाही नाही — तिला ठाऊक असेल तर ते तिचं तिनं बघावं.

कसबा बावड्याचे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, यांना सारा गाव ‘माहूत’ म्हणतो. चावडीवरून गेले की कुणीतरी विचारतंच, “काय माहूत, गूळ हाय का खिशात?” का? तर आम्ही दोघे दक्षिणेच्या रानात रानहत्ती बघायला गेलो होतो आणि दाजींनी म्हणे हत्तीपुढे गुळाची भेली धरली. ही हकिकत गावभर कुणी केली? मीच की! सोंड हलवून दाखवत.

पण भेली — भेली माझी होती.

महाराजांचे हत्ती दसऱ्याला गूळ खातात आणि सोंड उचलून मुजरा करतात. लहानपणापासून पाहिलेलं. हत्ती म्हणजे गूळ आणि मुजरा, एवढंच माझं ज्ञान! रानातल्या हत्तीला दरबारी रीत कोण शिकवणार, हा प्रश्न मला पडला का? छे.

बांबूच्या बेटात पाच हत्ती होते, एक पिल्लू. काय ते वैभव! कड्‌कड्‌ बांबू मोडत होते, बाकी सगळं शांत. वाटाड्या तोंडावर बोट ठेवून खुणावत होता. मी मात्र भेली उंच धरली आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला, “मुजरा कर, राजा!”

त्यानं मुजरा केला नाही. तो आला.

मग मी — कसं लिहू? — भेली दाजींच्या हातात कोंबली आणि पळालो. दाजी डोळे मिटून जागीच उभे. सोंडेनं भेली अलगद उचलली, आणि दाजी मागच्या मागे ओढ्यात. पाय मोडला. अजून लंगडतात.

भेदरलेल्या दाजींना पुढं काहीच धड आठवेना. मी सांगितलं तेच त्यांनी खरं धरलं. माझा आवाज तेवढा त्यांच्या कानात राहिलाय. दरवर्षी गुऱ्हाळ लागलं की पहिली भेली लंगडत घेऊन येतात आणि म्हणतात, “पावणं, तुमी वरडलासा म्हणून वाचलो. न्हायतर तुडीवलं असतं बघा मला त्यानं.”

मी भेली घेतो. खातोही. फार गोड असते.

ओरडलो होतो, हे खरं. पळता पळता, दाजींकडे बोट दाखवून —

“देवा, मला सोड! गूळ दाजींकडं हाय!”