धाकटीच्या साखरपुड्यातला माईक

परवा धाकट्या बहिणीचा साखरपुडा झाला, जवळा बाजारला, आमच्याच अंगणात मांडव घालून. पाहुणे आखाडा बाळापूरचे. आणि सकाळपासून घरात एकाच गोष्टीची कुजबुज... अण्णा बोलणार की नाही?

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म शेळ्या-मेंढ्या राखण्यात गेला. आवाज असा खणखणीत, की सिद्धेश्वरच्या कॅनॉलपलीकडून हाक मारली तरी कळप वळायचा. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता नुसती फुसफुस उरलीय, आणि जोर अजिबात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

आमच्या घरात सोयरीक ठरली की पोरीच्या बापानं चारचौघांत स्वतःच्या तोंडानं तसं सांगायचं असतं. चुलते म्हणाले, मी सांगतो, त्यात काय एवढं... सगळ्यांना पटलं. अण्णांनी मात्र मान हलवली आणि चहाचा कप तसाच बाजूला सरकवला. म्हणजे नाही! माझ्या पोरीचं मीच सांगणार.

मग मांडववाल्या गजूभाऊंनी त्यांच्या हातात माईक दिला. अण्णा बोलले... आणि स्पीकरमधून फक्त घरघर! गजूभाऊंनी अँप्लिफायरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, तर अशी शिट्टी वाजली की बांधलेल्या शेळ्या बिथरल्या.

"ताई, अण्णाचा आवाज येऊनच न्हाई राहिला, मी तरी काय करू?" म्हणत त्यांनी हात टेकले. अण्णा माईक ठेवून गुमान खुर्चीत बसले, पायाच्या अंगठ्याकडे बघत. मला ते बघवेना हो.

आता गंमत अशी, की पुण्यात माझं काम याच दुखण्याचं आहे. क्वांटम कॉम्प्युटरच्या चिपमधून जे उत्तर येतं, ते इतकं नाजूक असतं की ते वाचण्यासाठी खास सुपरकंडक्टिंग अँप्लिफायर लागतात. आम्ही ते बनवतो आणि कपाटाएवढ्या फ्रिजमध्ये ठेवून तपासतो... अंतराळापेक्षाही जास्त थंडीत. त्या फ्रिजचा फोटो बघितल्यापासून माय गावभर सांगत सुटलीय, "थोरली फ्रिज दुरुस्त करती." दोनदा समजावलं, मग मीच नाद सोडला.

तर आमचं रोजचं रडगाणं असं... जो सिग्नल वाटेत हरवला, तो हरवलाच. नंतर कितीही मोठा करा, उरलासुरला सिग्नल मोठा होतो आणि त्याच्यासोबत खरखरही. कधी वायर खाते, कधी जोड खातो, तर कधी खुद्द अँप्लिफायरमधला इन्सुलेटरचा पातळसा थर खातो. त्या थराचा खादाडपणा कसा कमी करायचा, यावरच माझे केस पांढरे व्हायला लागलेत.

म्हटलं, चिपसाठी एवढा जीव काढते, मग बापासाठी का नको? खोचला पदर!

माईकच्या वायरला जागोजागी काळी टेप गुंडाळलेली होती, ती आधी काढून फेकली. गजूभाऊंकडून एक धड, आखूड वायर घेतली आणि अँप्लिफायरचं खोकं उचलून अण्णांच्या खुर्चीमागं आणलं. पुन्हा शिट्टी नको म्हणून स्पीकर त्यांच्यापासून लांब, पाहुण्यांकडे तोंड करून ठेवले. फोटोग्राफरचा इवलासा कॉलर माईक उसना घेतला, त्या आखूड वायरला जोडला आणि दवाखान्याच्या चिकटपट्टीनं अण्णांच्या गालावर, अगदी ओठांपाशी चिकटवला. मिशी आड येत होती, तिला जरा दटावलं.

आणि मग ओरडले, "कूलर बंद करा, सगळे!"

"काहून गं? मानसं शिजून राहिली इथं," आत्या कडाडलीच. शिजू दे म्हटलं, दोन मिनिटं!

अण्णा उठले. घसा न ताणता, शेजारच्याशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "सोयरीक कबूल हाय. माझं लेकरू तुमच्या हवाली करून राहिलो... जपा."

शब्द न् शब्द ऐकू आला. मधे घेतलेला श्वाससुद्धा! पार मागं बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. धाकटी आतल्या खोलीत तयार होत होती, तिच्या काजळाची तर पार वाट लागली.

माझ्या मात्र एक गोष्ट ध्यानातच राहिली नाही. माईक चालूच होता. अण्णा खाली बसले आणि मायकडे झुकून, अगदी खासगीत बोलल्यासारखं म्हणाले, "थोरली फ्रिज दुरुस्त करती म्हणून आता कुनाला सांगू नको. कुनाला ऐकूच येत न्हाई असा बारीक आवाज असतो ना... त्यो वाया जाऊ देत न्हाई ती. आज समजलं मला."

सगळ्या मांडवानं ऐकलं! माय लाजेनं लालबुंद... "अवो, माईक चालू हाय!" हे वाक्यसुद्धा त्याच माईकमधून सगळीकडे गेलं, आणि पाहुणे जे हसत सुटले... मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

कार्यक्रम उरकल्यावर पट्टी काढायला गेले, तर अण्णांनी माझा हात धरला. राहू दे म्हणाले. मग पंगत बसली आणि हे सुरू... "बाळापूरच्या पाव्हन्यांना बुंदी वाढा... कोपऱ्यात भात न्हाई पोचला... आत्याबाई, लाजू नका." वर्षभर मुका बसलेला माणूस, किती बोलू आणि किती नको असं झालं होतं त्यांना! गजूभाऊ सामान आवरायला आले, त्यांना म्हटलं, बसा, तुम्हीही जेवून घ्या, घाई नाही.

लॅबमधला तो थर अजून सिग्नल खातोच आहे. सोमवारी परत त्याच्याशीच झटापट. पण मेंढरांमागं फिरत ज्यानं मला शिकवलं, त्याचं बोलणं परवा शेवटच्या माणसापर्यंत अख्खं पोचलं... आणि ते पोचवायला माझे हात होते, याचंच फार बरं वाटतंय.