आप्पांचा राक्षस आणि जांभळं मशीन

मोबाईल उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच! का उरतो ते देव जाणे. फोन चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि स्क्रू टेबलावर राहतो. आमचा बाबल असले स्क्रू फेकत नाही, पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकतो. पेडण्याच्या बाजारात त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे, जेमतेम दोन स्टुलं मावतील एवढं. एका स्टुलावर मी. शाळेत गणित शिकवतो, म्हणून सगळ्यांचा मास्तर. दुसऱ्यावर सुदीप, औषधांच्या कंपनीत शिफ्ट करणारा. तिघेही चाळिशीला टेकलो. "घोडे झालात, तरी खेळ सुटत नाहीत तुमचे!" असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

आमचे किस्सेही त्या स्क्रूंसारखेच. कुठले ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. यंदा मात्र डबा भरला तो एका खेळण्यापायी. हातात धरून खेळायचं बटणांचं गेमिंग मशीन. जुन्या पद्धतीचं आणि मुख्य म्हणजे खिशाला झेपणारं!

*

आधी आप्पा कोण ते सांगायला हवं. सुदीपचे वडील. दशावतारातले राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाचं काम करणारे नट! राजाचं काम करणारे छप्पन मिळतील, पण राक्षस म्हटला की आप्पाच. आणि आप्पांचं मरण बघायला लोक दुसऱ्या गावांतून यायचे. राजाने बाण मारला की इतरांचा राक्षस धाडकन पडतो नि मोकळा होतो. आप्पा पडायचेच नाहीत! एक गिरकी, मग दुसरी, मग राजाला चार शिव्या, मग गुडघ्यावर येऊन आईची आठवण. आता गेले असं वाटावं तर परत उठून उभे!

एकदा पखवाजवाला वैतागून मध्येच ओरडला, "आप्पा, मेलास तर मेलास म्हणान सांग! माजे हात भरान इले!"

आप्पांनी मरता मरता मान वळवली आणि म्हणाले, "तू वाजय. माका घाय नाय."

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि नाटकही गेलं. आप्पा घराच्या सोप्यावर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. कसे आहात विचारलं की "बरां आसा." तेवढंच. ज्या माणसाच्या आवाजाने पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची, तो माणूस दिवसभरात दोन शब्द बोलायचा, आणि तेही खोटे. मला तर तिकडे बघवत नसे.

"माका त्यांचो राग व्हयो, मास्तर," सुदीप एकदा म्हणाला. "माज्यार रागावले तरी चलात. पण एकदा रागावांदेत."

म्हणून त्याने गेम बनवला. लहानपणी आपण टीव्हीला जोडून कॅसेटचे गेम खेळायचो ना, त्या जातीचा. जगभर असे वेडे लोक आहेत, जुन्या गेमांच्या धर्तीवर घरच्या घरी नवे गेम बनवतात आणि फुकट वाटतात. सुदीपच्या गेममध्ये एक राजा पेडण्यातून पळतो. चिऱ्यांच्या ढिगांवरून उड्या मारतो, काजूची बोंडं गोळा करतो, हळर्णच्या किल्ल्यावर चढतो, तेरेखोल नदी ओलांडतो. आणि शेवटी समोर उभा राहतो राक्षस. त्याच मिशा, तेच डोळे. आमचे आप्पा!

सुदीपने मोठ्या हौसेने मोबाईल आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी काचेवर बोट टेकवलं. राजा हलेना. परत टेकवलं, मग दाबलं, मग घासलं. आयुष्यभर दिवसा शेत आणि रात्री नाटक केलेली ती बोटं इतकी राठ झालेली की काचेला कळतच नव्हतं कोणीतरी हात लावतंय!

"ह्या काचेक माजां बोट दिसणा नाय," आप्पा म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

सुदीपने त्या दिवशी दुकानात येऊन सगळं सांगितलं. मग बाबलने टेबलावर हात आपटला आणि जाहीर केलं, "बटणां व्हयी! खरी बटणां!"

*

पहिली स्वारी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. केळी, सुकी मासळी, मातीची मडकी आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या ताडपत्रीवर मांडलेली मशीनं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "एक हजार गेम!" किंमत बघून बाबलला तर भरूनच आलं.

तिथेच बसून आम्ही तपासायला लागलो. पहिल्या गेममध्ये एक माणूस उडी मारतो. अकराव्यातही तोच माणूस, फक्त टोपी निळी. एकविसाव्यात टोपी हिरवी. हजार कसले, दहा गेम होते आणि शंभर टोप्या!

तेही चाललं असतं. पण सुदीपने मशीन उलटंपालटं करून विचारलं, "ह्येच्यात कार्ड खंय घालतत? माका माजो एक गेम घालूचो आसा."

दुकानदार दुखावला. अगदी मनापासून दुखावला हो!

"अरे बाबा," तो म्हणाला, "हजार दिले तुला. हजार! तरी पोट भरलं नाही? अजून एक हवा?"

*

मग कोणीतरी सांगितलं, केरीच्या समुद्रावर एक परदेशी पाहुणा आपलं जुनं मशीन विकतोय, मायदेशी जायच्या आधी. अर्ध्या किमतीत! आम्ही तिघे दोन स्कूटरवरून निघालो.

माणूस सापडला. जटा कमरेपर्यंत, अंगाला वाळू, आणि मशीन हातात. चांगलं होतं हो मशीन! कार्डाची जागा होती, बटणं भक्कम होती. बाबलने हात पुढे केला.

"वन मिनिट, माय फ्रेंड," तो म्हणाला. "लास्ट लेव्हल."

आम्ही बसलो. बाजूच्या शॅकमध्ये माशांची कढी-भात जेवलो, परत येऊन बसलो. तो मेला की आम्ही हळहळायचो, वाचला की टाळ्या वाजवायचो. सुदीप तर त्याला वाटा दाखवायला लागला, "लेफ्ट, लेफ्ट! अरे लेफ्ट मरे!" सूर्य बुडाला तरी लेव्हल काही संपेना. शेवटी त्याने वर बघितलं आणि गोड हसून विचारलं, "टुमॉरो?"

परतीच्या वाटेवर बाबल तेरेखोलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, "ह्याका मशीन विकूचां नाय! ह्याका बघणारे व्हये व्हते!"

*

राहता राहिलं ऑनलाइन. तिथे वेगळीच आफत. तळहाताएवढं मशीन स्वस्त, त्याहून रुंद थोडं महाग. आप्पांच्या हातात काय बसेल? विचारायची सोय नाही, कारण सुदीपला हे आप्पांना आधी कळू द्यायचं नव्हतं. पुन्हा काहीतरी फसलं तर ते आणखी आत जातील ही त्याला धास्ती.

डोकं चालवलं ते बाबलने. फोटोतली मापं बघून त्याने दोन साबण आणले. अंगाला लावायची छोटी वडी आणि कपडे धुवायची लांब वडी. सोप्यावर जाऊन आम्ही आप्पांच्या दोन्ही हातांत छोटी वडी दिली.

"आप्पा, अशी धरा. आता दोनय अंगठ्यांनी दाबा."

आप्पांनी दाबली. अंगठे एकमेकांवर चढले. मग लांब वडी दिली. तिच्यावर अंगठे कसे ऐसपैस बसले! आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. सुदीपने तर वडीचा फोटोही काढला.

आप्पा आमची तोंडं बघत होते. मग त्यांनी आत काकीला, म्हणजे सुदीपच्या आईला हाक मारली, "गो, भायर ये! पोरां माजी तयारी करतहत. मेल्यार खंयच्या साबणान न्हांवक घालूचां, तां विचारतहत!"

काकी धावत बाहेर आली आणि तिने आम्हाला जे झोडपलं ते लिहिण्यासारखं नाही. पण शिव्या खाताना सुदीप हसत होता. आप्पा एका दमात एवढं बोलल्याला कैक महिने झाले होते!

*

रुंद मशीन घ्यायचं ठरलं. पण रुंदांतही दोन! एक काळं, एक जांभळं. किंमत सारखीच. व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. एक म्हणतो जांभळ्याची बॅटरी भारी, दुसरा म्हणतो जांभळ्याला हातच लावू नका. आणि शेवटी सगळे म्हणतात, "बाकी तुमची आवड!" आमची आवड आम्हाला कळली असती तर व्हिडिओ कशाला बघितले असते?

आमच्याकडे जिथे माणसाची मती थांबते तिथे देवाचा कौल घेतात. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. जमीन, लग्न, विहीर, सगळं असंच ठरतं. मग मशीन का नाही?

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा! ही पोरां तुज्या दारात इली आसत. ह्येंका जांभळां मशीन लाभणारां आसात, तर उजवो कौल दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही.

इथे थांबायचं की नाही? पण गुरवाला सवय. देवाला उठवलंच आहे तर एकाच कामासाठी कशाला! "तशीच ह्या बाबलाची डिचोलीची सोयरीक जुळणारी आसात, ह्या मास्तराची बदली घराकडे होणारी आसात, तर महाराजा..."

टप्! उजवी पाकळी पडली.

गुरव खूश, आम्ही गार! कौल नक्की कोणाला? बाबल तर लाजून लाल झाला. डिचोलीच्या मुलीकडून निरोप यायचा होता आणि देवाने हो म्हटलं होतं! आठवडाभर तो दुकानात शिट्टी वाजवत बसला. आम्हीही थांबलो. देवाचं काम, घाई कशी करणार?

मग डिचोलीहून निरोप आला, नको म्हणून. त्याच दिवशी माझ्या बदलीचा अर्जही परत आला. हातातला फोन बाबलने दोनदा उघडून दोनदा बंद केला.

शेवटी तो सुदीपकडे वळला. "ऑर्डर कर रे. कौल जांभळ्याचोच व्हतो."

*

मशीन आलं तेव्हा सुदीप ड्यूटीवर. कुरियरवाल्याने डबा काकीच्या हातात दिला. काकीने उघडून बघितलं. घरात नवी वस्तू आली की काय करतात? टीव्ही आला तेव्हा केलं, मिक्सर आला तेव्हा केलं, तेच केलं. दिवा लावला, अक्षता टाकल्या आणि जिथे जिथे बटण दिसलं तिथे तिथे हळदकुंकवाचं बोट टेकवलं. चांगलं दाबून!

सुदीप ते मशीन घेऊन दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. उडीचं बटण आत गेलेलं ते वर येईना. बाबलने मशीन उघडलं, दात घासायच्या ब्रशाने एकेक बटण साफ केलं, फुंकर मारली, परत बंद केलं. चालू झालं! एक स्क्रू उरला, तो डब्यात गेला.

कुंकू मात्र पुरतं निघालेलं नाही. अजूनही राजाने मोठी उडी मारली की खेळणाऱ्याच्या अंगठ्याला लाल लागतं.

*

रविवारी दुपारचा चहा झाला आणि सुदीपने ते जांभळं मशीन आप्पांच्या हातात ठेवलं. सोप्यावर आम्ही तिघे. काकी आत भांडी घासत होती. दारोदार पाव विकणारा पोदेर सायकल टेकवून सुट्टे शोधत अंगणात उभा होता, तोही थांबला.

आप्पांनी अंगठा टेकवला. राजा पळाला! सुदीपने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आप्पा सतरा वेळा चिऱ्यांवर आपटले, नदीत बुडाले, पण सोडेनात. हळर्णचा किल्ला आला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले होते. आणि मग राक्षस आला. आप्पांनी मशीन डोळ्यांजवळ नेलं. मिशा बघितल्या. मग अंगठा दाबला, राजाने बाण सोडला, बाण लागला.

जुन्या गेममध्ये शत्रू कसा मरतो तुम्हाला माहीत आहे. टुंई असा आवाज होतो, तो दोनदा लुकलुकतो आणि नाहीसा होतो. सुदीपने तसंच केलं होतं.

"राक्षस खंय गेलो?" आप्पांनी विचारलं.

"मेलो, आप्पा. तुमी जिंकलास!"

"मेलो?" आप्पांच्या भुवया वर गेल्या. "असो? कोणाक विचारान मेलो?"

"आप्पा, गेममध्ये तसोच..."

"गप!!!"

पोदेराची सायकल पडली. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला हो, खोटं कशाला बोलू! आप्पांनी मशीन माझ्या हातात कोंबलं, खुर्चीचे हात धरले आणि उभे राहिले. काठी भिंतीलाच टेकलेली राहिली.

"राक्षस मरता कसो, तां बघ मेल्या!"

एक गिरकी घेतली. सुदीप धरायला धावला, त्याला ढकलून दिलं. दुसरी गिरकी, जरा वाकडी. मग राजाला शिव्या, आणि राजा कोणी नव्हता म्हणून त्या सगळ्या पोदेराला! मग एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग छातीवर हात घेऊन आईला हाक मारली. आणि मग आप्पा सोप्याच्या लादीवर आडवे झाले, डोळे मिटले, हात बाजूला पडला.

आवाज ऐकून काकी ओल्या हातांनी बाहेर आली. नवरा जमिनीवर, आम्ही तिघे पुतळे. ती किंचाळली, तांब्या उचलला आणि सगळं पाणी आप्पांच्या तोंडावर मारलं.

आप्पांनी एक डोळा उघडला.

"थांब गो! माजां मराण अजून संपाक नाय!"