दगूमामांच्या मांडवात एकशे अठ्ठावीस वाद्यं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते दगूमामांचे, आणि त्यांच्याच मुलीच्या लग्नात मी मुहूर्ताच्या चार मिनिटं आधी गोळीबार केला.

मामा चांदवडचे. लग्नात वाजवणारा त्यांचा स्वतःचा बँड होता आणि ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत. आमच्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. (दहावीपर्यंतही गर्दी नव्हतीच!) मला नाशिकला कॉलेजात घातलं ते मामांनी. वसतिगृहात सोडायला आले तेही बँडच्या लाल कोटात, कारण दुपारी त्यांना एका लग्नाची सुपारी होती. मी बी.एस्सी. झालो, नाशिकरोडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागलो, आणि मामांसाठी आपण काहीतरी करावं असं मला फार वाटू लागलं. एखाद्याला असं वाटू लागलं की घरच्यांनी वेळीच सावध व्हावं.

दोन हजार चार साली मामांच्या एकुलत्या मुलीचं, सुनंदाचं लग्न ठरलं. वाजवायला अर्थातच मामांचा बँड. पण माझ्या मनात आलं, ही माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात उन्हात उभी राहिली, शेवटच्या पंगतीला जेवली. निदान सुनंदाच्या लग्नात तरी त्यांनी पाहुण्यांसारखं खुर्चीवर बसावं. सनई मी वाजवीन. म्हणजे मी नाही, माझा कॉम्प्युटर!

त्या काळात आमच्या क्लासला ऑर्केस्ट्रातले दोन-तीन वादक यायचे. त्यांच्या तोंडी एकच विषय, सॉफ्टवेअर सिंथेसायझर. म्हणजे वाद्य नसलेलं वाद्य. कॉम्प्युटरात सीडी घालायची, सूर लिहून द्यायचे आणि यादीतून हवा तो आवाज निवडायचा. कुठलं चांगलं यावरून त्यांची रोज भांडणं. एक म्हणे, "याची व्हायोलिनं ऐक, डोळ्यांत पाणी येतं." दुसरा म्हणे, "त्याची बासरी ऐकलीस का? फुंकरसुद्धा ऐकू येते!" मला सुरातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी ज्याची यादी सगळ्यात लांब ते घेतलं. एकशे अठ्ठावीस आवाज! आणि एकशे बाराव्या नंबरावर चक्क आपली सनई. परदेशातल्या माणसानं आपली आठवण ठेवली म्हणून मला भरून आलं. सनईच्या पुढे शेजारीपाजारी कोण राहतं, याची चौकशी मात्र मी केली नाही.

मामांना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"आवाज बरा हे," मामा म्हणाले. "पण ह्याला दम कसा लागत नाय?"

"मामा, हा श्वासच घेत नाही!"

"मंग लग्नात कशाला आणतो असलं? हे बघ, बाकी काही होऊ दे. पण दगूच्या पोरीच्या लग्नात वाजंत्री फसली, असं झालं तर मला तालुक्यात कोणी सुपारी देणार नाय. बँड बसंल माझा."

"मामा, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी क्लासमध्ये रोज म्हणायचो.

मामांनी माझ्या पदवीकडे बघून होकार दिला. बँडची माणसं पाहुणे झाली, वाद्यं बाजारपेठेतल्या दुकानात कुलपात गेली.

लग्नाच्या दिवशी मी कॉम्प्युटर थेट स्टेजवर, नवरा-नवरीपासून दोन हातांवर मांडला. आवाज मांडवातल्या कर्ण्यांना जोडला. कर्णे जनरेटरवर होते आणि लोडशेडिंगचा भरवसा नाही म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस लावला. मी सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. फक्त अक्षतांचा केला नव्हता!

भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. मागे सनई अशी गोड वाजत होती की मामींनी पदर डोळ्यांना लावला. भटजी म्हणाले, "सावधान!" आणि सातशे माणसांनी अक्षता फेकल्या. मागच्या रांगेतल्यांच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत कधीच पोचत नाहीत. त्या दिवशी कळलं, त्या माझ्यापर्यंत पोचतात. कुंकवात भिजवलेले ओले, चिकट तांदूळ कीबोर्डभर पसरले आणि एक दाणा अधिकच्या बटणाखाली जाऊन बसला. अधिकचं बटण म्हणजे यादीतलं पुढचं वाद्य.

बटण रुतलं. मी खिशातली टाचणी काढून दाणा उकरू लागलो. प्रत्येक टोचणीला बटण दाबलं जात होतं! सनईच्या जागी घंटा वाजली. मग ढोल. मग समुद्राच्या लाटा. (चांदवडला!) मग पक्षी. आणि मग टेलिफोन. माझी सुरावट तीच, पण टेलिफोनच्या घंटीत.

मांडवात मोबाइल एकच होता, नवऱ्याच्या वडिलांकडे. ते भर मंगलाष्टकात ओरडले, "हॅलो! हॅलो! अहो, बोला ना!"

"अरे, काय करतोय तू?" मामा दबक्या आवाजात म्हणाले.

"तांदूळ काढतोय, मामा!" मी आणखी जोरात टोचलं.

हेलिकॉप्टर!

सातशे माणसं आभाळाकडे बघू लागली. "मंत्री आला, मंत्री!" कोणीतरी ओरडलं. अंतरपाट धरणारे दोघेही वर बघू लागले आणि अंतरपाट खाली पडला. सुनंदानं आणि नवऱ्यानं मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहिलं. भटजींचा श्लोक अर्ध्यावरच तुटला.

मी घाबरून पुन्हा टोचलं. टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, लग्न लागलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. पहिल्या दोन रांगा उठून पंगतीकडे पळाल्या. नवऱ्यानं माळ उचलली.

"माळ खाली! खाली!" भटजी किंचाळले. "अजून चार मिनिटं आहेत!"

आता टाचणीवर माझा विश्वास राहिला नव्हता. मी बटणावर मूठ मारली.

धाड! धाड! धाड! एकशे अठ्ठाविसावं वाद्य म्हणजे बंदुकीची गोळी. आणि माझी सुरावट द्रुत लयीत होती.

नवऱ्याचे वडील सोफ्यामागे आडवे झाले. वरातीची घोडी दोर तोडून हायवेच्या दिशेनं गेली. मी घाईघाईनं प्रोग्रॅम बंद करायला गेलो, तर पडद्यावर चौकोन आला. केलेले बदल जतन करायचे आहेत का, असं त्यानं मला इंग्रजीत विचारलं. मी विचारात पडलो. खरंच पडलो!

तेवढ्यात चौथी शिकलेले मामा स्टेजवर आले आणि त्यांनी वायर उपटली. गोळीबार चालूच. वर यूपीएसची टुकटुक.

"हे कसं बंद होत नाय?" मामा ओरडले.

"मामा, यूपीएस आहे," मी म्हणालो. (मला अजूनही कळत नाही, पण आवाजात थोडा अभिमान होता.) "वीस मिनिटं काळजी नाही!"

"वीस मिनिटं?" सोफ्यामागून आवाज आला.

शेवटी मांडववाल्यानं कर्ण्यांचं बटण फिरवलं. एकदम शांतता. मुहूर्ताला मिनिटभर उरलं होतं आणि मांडवात एकही वाद्य नव्हतं. मामांनी बँडच्या माणसांकडे पाहिलं. एवढी हतबल नजर मी त्यांची कधी बघितली नव्हती.

ढोल वाजवणारे रघुनाना खुर्चीवरून उठले. "आचारी, परात दे रे! ते पिंप इकडं लोळवा. झारा कुठं हे?"

भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं आणि आठ माणसांनी पराती, पिंप, पातेली अशी वाजवली की पंगतीला गेलेले लोक माघारी आले. लग्न मुहूर्तावर लागलं. मामा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तू आता नाशिकला जा."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. महिनाभर वाट पाहून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी सुनंदाच्या सासरी जाऊन माफी मागून आलो. तिच्या सासऱ्यांनी चहा दिला. सुनंदा मजेत आहे. घोडीही मालकाला सापडली असं कळलं.

कॉम्प्युटर चुकला नाही, मामा. मी सांगितलं तेच त्यानं वाजवलं. चूक माझी आहे. तुम्ही मला शिकवलंत, आणि मी तुमच्याच नावाला बट्टा लावला, हे मनातून जात नाही.

एक चांगली बातमी आहे. आमच्या क्लासच्या मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. त्यांचे एक पाहुणे आपल्या मांडवात होते. परातीवर असं वाजवणारी माणसं वाद्यांवर काय वाजवतील, असं ते म्हणाले. बँड तुमचाच हवा असा त्यांचा आग्रह आहे. त्यांची फक्त एक अट आहे. त्या दिवशी मी नाशिक जिल्ह्यात असू नये. तसं मी लिहून दिलं आहे आणि मालकांनी मला त्या दिवसाची भरपगारी रजाही मंजूर केली आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
सुरेश