वगळलेलं बेट

माझ्या बहिणीशी मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी तिला वगळलं.

मला युद्धांची पुस्तकं वाचायचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी डिंडोलीच्या घरी नकाशे पसरून बसतो. दुसऱ्या महायुद्धातली पॅसिफिक महासागरातली मोहीम मला तोंडपाठ होती. अमेरिकी आरमाराने तिथलं प्रत्येक बेट जिंकलं नाही. जिथे जपान्यांचा बंदोबस्त पक्का, ते बेट सोडायचं. पुढचं, कमी पहाऱ्याचं घ्यायचं, त्यावर धावपट्टी बांधायची, आणि मागे राहिलेल्या बेटाकडे जाणारी जहाजं अडवायची. आपली माणसं वाचतात आणि शत्रू जागच्या जागी निकामी होतो. मला हे फार शहाणपणाचं वाटायचं.

आई गेली तेव्हा दिवसकार्याला आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "माय तुनी वाट देखत व्हती, आणि तू ओव्हरटाइम करत व्हता." खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दिवसकार्य आटोपल्यावर मी मामा, मावशी, चुलतभाऊ, एकेकाला घरी जेवायला बोलावून आपल्या बाजूला घेतलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायला जातो. त्यानंतर मी कोसाडला तिच्या सासरी गेलोच नाही. तिला सवड नाही, असं सांगत राहिलो. पुढे कुणी विचारेनासं झालं.

यंदा आखाजीच्या आधी दाजी मला सचिनच्या औद्योगिक वसाहतीत चहाच्या हातगाडीवर भेटले. उन्हाबद्दल, कारखान्याबद्दल बोलले. कप ठेवताना सहज सांगावं तसं म्हणाले की ती दर आखाजीला पिशवी भरते आणि संध्याकाळी साड्या परत कपाटात ठेवते. "मीच सोडून येतो म्हटलं, तर म्हणते, मुराळी आल्याशिवाय कशी जाऊ?" दाजींच्या आवाजात तक्रार नव्हती. मला चहा संपवता आला नाही.

सोडून दिलेल्या बेटांवरच्या शिपायांची पानं मी नेहमी भराभर उलटायचो. त्या रविवारी ती नीट वाचली. ते हरले नव्हते, सुटलेही नव्हते. रताळी लावून पोट भरत होते आणि न येणाऱ्या जहाजासाठी समुद्राकडे बघत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी कोसाडला गेलो. आक्का दारात शेवया वाळत घालत होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिने मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा शेवयांकडे वळली.

"इतला साल गाडी बंद व्हती का रे भाऊ?" तिने विचारलं, आणि पदराने डोळे पुसले. मग ये, बस, पाणी आणते, असं काही म्हणत उठू लागली.

मीच तिच्याजवळ खाली बसलो आणि तिचा हात धरला.

"आक्का, मी चुकनू. तू खरं बोलनी व्हती, म्हनीसन मी तुले एकटं पाडं. माले माफ कर."