तळाची डाळ

माझं वाचन आमच्या दुकानातल्या रद्दीवर झालं. येरमाळ्याला आमचं किराण्याचं दुकान होतं आणि पुड्या बांधायचा कागद बार्शीहून यायचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरचा शिपाई कापडाचे तागे उलगडून बघे, साखरेच्या पोत्यात हात घाले, पण रद्दीकडं ढुंकूनही बघत नसे. त्यामुळं जी पत्रकं खिशात सापडली तर माणूस आत जायचा, ती आमच्याकडं गठ्ठ्यानं यायची. स्वराज्य, शेतसारा, विधवाविवाह, अस्पृश्यता, दातांची निगा, सगळ्यांवर. एकदा फौजदारसाहेबांच्या घरी वेलदोडे गेले ते सरकार उलथून टाकायचं आवाहन छापलेल्या कागदात. वेलदोडे चांगले होते, असा निरोप आला.

अडचण एकच होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, कागद मधोमध फाडायचे. त्यामुळं बहुतेक पत्रकांची मला सुरुवात माहीत असायची आणि शेवट कुणाच्या तरी घरी जिऱ्याबरोबर गेलेला असायचा. अन्याय काय आहे ते मला तोंडपाठ होतं. त्यावर काय करायचं ते मला स्वतःच ठरवावं लागे. विशीत ते अवघड वाटत नाही.

निजामाचं राज्य संपायला तेव्हा दोन-अडीच वर्षं उरली होती, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या माघात वहिनी बाळंतपणाहून तीन महिन्यांची पोरगी घेऊन परत आली. येतानाच अंगात हिवताप होता. ताप गेला, पण ताकद आली नाही. भाकरी थापता थापता तिला घाम फुटायचा, आणि पोरीला दूध पुरेना. पोरगी प्यायची, सोडायची, रडायची, पुन्हा धरायची. आईनं आळीव, खोबरं, गूळ सगळं करून पाहिलं. शेवटी आप्पा, दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी, असे तिघं जण वहिनीला आणि पोरीला घेऊन मोटारीनं धाराशिवला सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर, फार सभ्य होते. त्यांनी वहिनीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि आप्पांकडं वळून म्हणाले, "इनको ताकद चाहिए. रोज दो अंडे दीजिए, गोश्त का शोरबा दीजिए."

आप्पांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "डाक्टरसाब, हम लिंगायत लोग."

"तो फिर दाल खिलाइए, खूब. दूध सूख गया तो बच्ची का क्या होगा, आप समझदार हैं."

परतताना मोटारीत पोरगी पूर्ण रस्ता रडत होती.  मी एकटाच आनंदात होतो, कारण या विषयावरचं पत्रक माझ्याकडं होतं. निम्मं होतं, पण होतं. ज्यांना मांस चालत नाही त्यांना डाळींतून तितकंच बळ मिळतं, डाळीत प्रथिन नावाचं द्रव्य असतं आणि देह त्यावर उभा राहतो, असं त्यात म्हटलं होतं. घरी आल्यावर मी ते आप्पांना वाचून दाखवलं.

"परथिन म्हंजे?"

"ताकद, आप्पा."

"मग ताकद म्हन की. आन् डाळ काय आपल्याकडं कमी हाय व्हय? दुकानात पोती लागलीत."

तेच तर माझं म्हणणं होतं. दुकानात पोती, घरात रोज भगुनंभर तुरीची आमटी, आणि घरातली बाळंतीण वाळत चाललेली. मग डाळ जाते कुठं? उत्तर मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आधी आप्पा, दादा आणि मी बसायचो. बाजारच्या दिवशी परगावचे दोन-तीन व्यापारी असायचे, मग दुकानातले हमाल. आई वाढायची, वहिनी चुलीपुढं भाकरी थापत राहायची. सगळे उठून गेले, उष्टी निघाली, की मग भगुन्यात उरेल ते वहिनीचं. पहाटे जातं, मग आडाचं पाणी, शेण, अंघोळ, लिंगपूजा, चूल, आणि एवढ्या सगळ्यानंतर उरलंसुरलं. 'स्त्रीची गुलामगिरी' या विषयावरचं पहिलं पान मला पाठ होतं, आणि ते आमच्याच घरावर लिहिल्यासारखं होतं.

मी एक जाहीर विनंती लिहून काढली. वहिनीनं आमच्याबरोबर, एकाच पंगतीत, पहिल्यांदा जेवावं. पहिली पळी तिच्या ताटात पडावी. आप्पांनी ती वाचली, पाठीमागं कोरी आहे का ते पाहिलं आणि गल्ल्यावर ठेवली. मग मी तोंडानं सांगितलं. आई ऐकून घेत होती, ती म्हणाली, "आन् भाकरी कोन थापनार? तुझा कागुद?"

"भाकरी आधीच थापून ठेवायची."

"थंड भाकरी खातील ह्ये? इचार तरी त्यास्नी."

आप्पांना विचारायची वेळ आली नाही. पोरगी आत रडायला लागली. आप्पा ते ऐकून म्हणाले, "अंड्यापरीस पंगत बरी."

हा विजय मी माझ्या पत्रकाच्या खाती लिहिला. खरं तर तो अंड्याचा होता.

त्याच दिवशी मी पोरीला दुकानातल्या तागडीत ठेवलं. शास्त्रशुद्ध नोंद हवी, असं दातांच्या पत्रकात म्हटलं होतं. एका पारड्यात दुपट्यासकट ती, दुसऱ्यात मापं. काटा बरोबर झाल्यावर मी मापं भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. आई धावत आली. "आरं, गूळ हाय का ती? दिष्ट लागंल!" तिनं पोरगी उचलली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

पंगत सुरू झाली. वहिनी सासऱ्यासमोर उघड्या तोंडानं बसणार नाही म्हणून तिचं ताट भिंतीकडं तोंड करून मांडलं गेलं. दादा तिच्या पाठीला पाठ लावून बसला आणि लाजून पहिल्या दिवशी अर्धी भाकरीच खाऊन उठला. पण पहिली पळी वहिनीची, यावर मी लक्ष ठेवून होतो. आई भगुन्यात पळी घाली आणि वरची लालभडक तर्री वहिनीच्या ताटात ओती. आमच्याकडं करडईच्या तेलाची ती तर्री म्हणजे आमटीचा मान. तिच्यासाठी आप्पा आणि परगावचे व्यापारी एकमेकांना आग्रह करायचे. ती आता पहिल्यांदा एका सुनेच्या ताटात पडत होती. मी हमालांनासुद्धा ते बोलावून दाखवलं. एक म्हातारा हमाल बघून म्हणाला, "चांगलं हाय. पन वैनी जेवतात कवा? उठून-बसूनच हायत की."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. त्याचं वाचन नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी आई देवळात गेल्याचं बघून पोरीला पुन्हा तागडीत ठेवलं. भिंतीवर लिहिलेली तीच मापं दुसऱ्या पारड्यात घातली. पोरीचं पारडं खाली जायला हवं होतं. ते वर गेलं. मी माप काढून बघितलं, दोरी सारखी केली, परत ठेवलं. पोरगी पारड्यात पडल्या पडल्या स्वतःची मूठ चोखत होती.  पंधरा दिवस मी एका पंगतीची राखण केली होती, आणि त्या पंधरा दिवसांत ही कमी झाली होती.

माझा पहिला संशय आईवर गेला. सासू ती सासूच, असं मला पहिल्या पानांवरून ठाऊक होतं. मी तडक स्वयंपाकघरात गेलो. दुपार होती, वहिनी एकटीच भांडी आवरत होती.

"वहिनी, खरं सांगा. तुमच्या ताटातलं कोण काढून घेतं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पोरीला माझ्या हातातून घेतलं, काखेला मारलं आणि दुसऱ्या हातानं आमटीचं भगुनं तिरकं केलं. "हिकडं या, भावजी. बघा."

वरचं पाणी एका कडेला सरकलं आणि तळाला पिवळी, घट्ट, बोटभर जाड डाळ दिसली. आमच्याकडं डाळ घोटत नसत, शिजली की पाणी आणि फोडणी. डाळ खाली बसायची, तेल आणि तिखट वर यायचं. मी वीस वर्षं ती आमटी खात होतो.

"ह्ये आदी माझं होतं," वहिनी म्हणाली. "समदी उठून गेली की म्या निवांत बसायची. तळ खरवडून भाकरीसंगं खायची, पोरीला मांडीवर घेऊन. अर्धा घंटा कुनी हाक मारायचं न्हाय. आता पयली पळी माझी. तांबडं पानी. दोन घास खाल्ले की भाकर करपती म्हनून उठते, परत बसते, मग मामंजींना वाढायचं ऱ्हातंय म्हनून उठते."

"मग हा तळ कोण खातं?"

"सासूबाईंना तुरीचा वात हुतोय, त्या ताक-भाकर खातात. ह्यो आंबोणात जातोय. गाईला."

दादा आठवड्यापासून सांगत होता की गाय एकदम दुधाला आली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी चिडून विचारलं. 

"माझ्यापायी तुम्ही मामंजींशी भांडलात. हमालास्नी बोलवून दावलं. मग म्या कसं तोंड उघडू?" ती भगुनं सरळ करत म्हणाली. "आन् इचारलं कुनी मला? लई पातळ हाय बघा तुमची सुधारना."

 आजही मला वाटतं की घरातल्या बाईनं एकाच पंगतीत जेवणं हा तिचा हक्क आहे, कृपा नाही, आणि ज्या घरात ती भिंतीकडं तोंड करून जेवते ते घर बदललंच पाहिजे. त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. पण त्या दुपारी माझ्यासमोर प्रश्न असा होता की हा हक्क राखायचा की पोरीचं दूध. दोन्ही राखायची एक युक्ती मला सुचली. फार सोपी होती. आमटी ढवळून वाढायची.

संध्याकाळी आईची पाठ वळलेली बघून मी पळी तळापर्यंत घातली आणि भगुनं घुसळून काढलं. तर्री नाहीशी झाली. आमटी एकसारखी, पिवळट, घट्ट झाली. वहिनीच्या ताटात डाळ पडली. दादाच्या पडली. आप्पांच्या पडली. आप्पांनी बोट बुडवून चाखलं.

"ह्ये काय हाय?"

"आमटी," आई माझ्याकडं रागानं बघत म्हणाली.

"तर्री कुटं गेली?"

"सगळ्यांत सारखी वाटली गेली, आप्पा," मी म्हणालो.

सून पंगतीला बसली ते आप्पांनी सोसलं होतं. आपल्याआधी तिला वाढलं तेही सोसलं होतं. तर्री गेली ते मात्र त्यांना सोसलं नाही. "मोडा ती पंगत," ते म्हणाले. "जसं होतं तसं करा. डाक्टरनं डाळ खावा म्हनलंय, डाळीचा गारा करा म्हनलं न्हाय."

माझ्या तोंडात भाषण तयार होतं. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या वहिनीनं पदर सावरला, ती ताट घेऊन उठली आणि जाता जाता तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी ते भाषण गिळलं. माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून जुनी पद्धत सुरू झाली आणि तर्री परत आली. माझ्या मनाला ते लागत होतं. म्हणून दोन दिवसांनी मी ठरवलं की निदान मी तरी पुरुषांबरोबर जेवणार नाही. सगळे उठल्यावर मी ताट घेऊन वहिनीशेजारी जाऊन बसलो. तिनं भगुनं माझ्याकडं सरकवलं, मग थांबली.

"आता तळात बी वाटनी मागायला आलात व्हय?"

आई खो खो हसली. मी उठलो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुरुषांत जाऊन बसलो.

पोरगी सुधारायला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा ती पिऊन झाल्यावर परत धरेनाशी झाली, मग ओठांच्या कडेला दूध असतानाच झोपायला लागली. तेवढ्यात येडेश्वरीची चैत्री यात्रा तोंडावर आली. दुकानात नारळ, चुरमुरे, बत्ताशे यांचे ढीग, घरात रोज पाच-सहा माणसं जास्त, भाकऱ्यांना अंत नाही. माणसं जेवून बाहेरच्या सोप्यात लवंडत आणि तिथून हाका मारत. पाणी आणा, सुपारी आणा, अडकित्ता कुठं ठेवलाय. वहिनीचा अर्धा घंटा त्या हाकांत चिरडायला लागला. एकदा तर ती तळ खरवडता खरवडता चार वेळा उठलेली मी पाहिली, पोरगी मांडीवरून खाली, परत वर.

पाचव्या हाकेला मी उठलो. "पानी आन गं," आप्पांनी आत तोंड करून म्हटलं होतं. मी तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शेजारी लवंडलेल्या भूमच्या व्यापाऱ्यानं भुवया वर केल्या.

"तू आनलंस?"

"वहिनी जेवत्यात."

"ह्ये कुटल्या कागदात लिवलंय?"

"कुठंच नाही, आप्पा."

आप्पांनी पाणी प्यायलं, मिशा पुसल्या. काही बोलतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी रिकामा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि व्यापाऱ्याकडं बोट केलं.

"पावण्यास्नी बी आन. आन् हळू चाल, पोरगी झोपली आसंल."