‘आईने छान केलंय हं’

आमच्या शाळेच्या मैदानावर दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर भरतं. तिथे शिकवायला येणाऱ्या ताई-दादांशी यंदा मी दोन तास बोलावं, असं संचालकांनी सुचवलं. विषय, मुलं वेगवेगळ्या रीतींनी कशी शिकतात. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला यात अवघड काय? मी हो म्हटलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या ताई-दादांची यादी आली आणि चौथ्या नावाशी माझं बोट थबकलं.

ते नाव मी कुणाजवळ कधी काढलेलं नाही. नवऱ्याजवळही नाही.

ती याच शिबिरात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. मी कागदकाम शिकवायचे. तिच्या हातात कागद आला की तोंड सुरू. “आता हे टोक इकडे, आता आत दुमड, आता उलटं कर...” शेजारची मुलं हसायची. मला वाटायचं, ही गप्प बसली तर ऐकेल, ऐकलं तर जमेल. म्हणून आपण सगळेच जे ऐकत मोठे झालो तेच मीही फर्मावलं. हाताची घडी, तोंडावर बोट. आधी मी करून दाखवणार, सगळ्यांनी नुसतं बघायचं, मग करायचं. ती बघायची आणि कागद मिळाला की तो घेऊन तशीच बसायची. हात बांधले, तोंड बांधलं, मग ही शिकणार कशाने, हा प्रश्न मला पडला नाही.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी तिने घरून एक झाकणाची डबी करून आणली. निळ्या घोटीव कागदाची, कोपरे अगदी नेटके. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि वर्गासमोर म्हणाले, “वा! आईने छान केलंय हं. आईला माझी शाबासकी सांग.”

वर्ग हसला. पुण्यात आपण याला विनोद म्हणतो.

त्याच संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या. “अहो बाई, मी दोन दिवस घरी आहेच कुठे? डबल ड्यूटी चाललीय. डबी तिनेच केली. स्वतःशी बडबडत बसली होती म्हणे, आमच्या सासूबाई सांगत होत्या.”

“असं होय! बरं बरं, उद्या बोलते तिच्याशी,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. ती पहिल्याच रांगेत होती. मी बोलले नाही. विसरले असते तर निदान तसं सांगता आलं असतं. पण बाई चुकल्या हे तीस मुलांसमोर म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच खरं.

प्रशिक्षणाच्या दिवशी ती दुसऱ्या रांगेत बसली होती. उंच झालेली, कॉलेजची सॅक मांडीवर. माझ्याकडे बघून हसली. ओळखून हसली की रीत म्हणून, कळेना. मी दोनदा पाणी प्यायले.

सगळ्यांना मी कागदाची डबी करायला लावली. आधी माझ्या नुसत्या सूचना ऐकून, मग तयार डबी हातात घेऊन, उलगडून. कुणाला आधी जमलं, कुणाला नंतर, दोघांना अजिबात नाही. एक दादा खूश झाला. “मॅडम, सोप्पंय! पहिल्याच दिवशी टेस्ट घेऊ. बघणारे, ऐकणारे, करणारे, तीन ग्रुप. आयकार्डवर स्टिकर लावून टाकू.”

“आणि दुपारी मूल बदललं तर? स्टिकर खरवडायला तू थांबणार का?”

सगळे हसले. मी म्हटलं, गोष्ट एकदा ऐकून पाठ करणारं मूल दोरीची गाठ शिकताना आपला हात धरून घेतं. शिक्के मारू नका. एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी समोर ठेवा आणि बघत राहा.

“पण मॅडम, मूल शिकतंय की टाइमपास करतंय, ते कळणार कसं?” त्या दादाने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. “एका शिबिरात एक बाई होत्या,” मी सुरुवात केली. बडबड, तोंडावर बोट, डबी, फोन. सगळं सांगितलं, फक्त ‘एक बाई’ म्हणून.

दुसऱ्या रांगेतून तिचा आवाज आला. “मग त्या बाईंनी पुढे काय केलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. मग म्हणाले, “त्या बाई म्हणजे मी. मी काहीच केलं नाही.”

संचालकांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

ती खुर्च्या सरकवत होती. मी जवळ गेले. “माझं चुकलं गं. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं.” तिने खुर्ची खाली ठेवली. “मला डबी येते हे मला माहीतच होतं, बाई.” सकाळपासून मॅडम म्हणत होती. “पण आईने धसका घेतला. त्यानंतर शाळेच्या कुठल्याच कामाला ती माझ्याजवळ बसली नाही. चित्र असो, प्रोजेक्ट असो. नको गं, परत कुणी म्हणेल आईने केलंय, असं म्हणायची. मी स्वयंपाकघरात एकटीच करत बसायचे आणि ती दारातून बघायची. दहावीपर्यंत.”

इतकी वर्षं मी एका मुलीशी केलेला अपराध मनात बाळगून होते. आईचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

“त्यांना फोन करू का?”

“फोनवर ती म्हणेल, अहो असू द्या हो. घरीच या. कात्रजलाच असतो आम्ही अजून. रविवारी तिला सुट्टी असते.” सॅक खांद्याला लावता लावता म्हणाली, “आणि तिथे ‘एक बाई’ नका म्हणू.”

आज शनिवार. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. त्या दार उघडतील, पाणी देतील, “या ना बाई, बसा” म्हणतील. इतक्या आदराने कुणी बसवलं की मी पुन्हा हवापाण्याचं बोलून उठून येईन, याची मला खरी धास्ती वाटते आहे.