बाळासोंची मूठ आणि कार्बनची सायकल

कळंब्याच्या रस्त्याला सायकलचं दुकान चालवणाऱ्या बाळासो चौगुल्यांच्या हाताची ताकद हा आमच्या गल्लीचा अभिमान. त्यांनी आवळलेला नट सोडवायला पुन्हा तेच लागतात. लोखंडी सायकल दुरुस्तीच्या स्टँडच्या जबड्यात धरायची, जबडा आवळणारी मूठ पिळायची आणि कामाला लागायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत.

मागच्या पावसाळ्यात बँकेतल्या धैर्यशीलची कार्बन फायबरची हलकी, महागडी सायकल त्यांनी तशीच सांगाड्याच्या वरच्या नळीला धरून आवळली. कट् असा बारीक आवाज झाला आणि नळीवर केसाएवढी चीर उमटली. धैर्यशील तेव्हा बँकेत होता. बाळासोंनी स्वतः फोन करून त्याला बोलावलं, चीर दाखवली आणि पुन्हा कार्बनला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. त्यानंतर कार्बनवालं गिऱ्हाईक दिसलं की हा धिप्पाड माणूस चक्क मागच्या दारानं चहाला पळायचा. आम्ही हसायचो, पण त्यांना ते फार लागलं होतं.

गेल्या महिन्यात धैर्यशीलच नवी कार्बनची सायकल घेऊन दारात उभा राहिला. रविवारी शर्यत, आणि गिअर अडकत होते. बाळासोंनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांची बायको बनाकाकू डबा घेऊन आली होती. ती चांदीकामाच्या हुपरीची, माहेरी पैंजण घडवण्यात वाढलेली. तिनं नळीवर टिचकी मारली.

“आतनं पोकळ हाय की ही. पैंजण धरताना आमी घुंगराला चिमटा लावत न्हाय, कडीला लावतो. हिची कडी कुठं हाय बघा.”

बाळासो थबकले. कडी म्हणजे सीटची दांडी. पण तीही कार्बनचीच. मग त्यांनी ती काढून त्याच मापाची एक जुनी धातूची दांडी बसवली, तिलाच जबड्यात धरलं आणि जन्मात पहिल्यांदा दोन बोटांनी मूठ फिरवली. सायकल अधांतरी राहिली, नळीला कशाचा स्पर्शही नाही. तासाभरात गिअर सुरळीत चालू लागले. बाळासोंना इतका आनंद झाला, की पुसलेली सायकलच ते पुन्हा पुन्हा पुसत बसले.

निघताना त्यांनी विचारलंच, एवढं नुकसान करून ठेवलं तरी माझ्याकडंच का आलास?

“दुसऱ्यानं चीर दडवली असती, मामा. जोतिबाच्या घाटात उतरताना नळी मोडून माझा निकाल लागला असता. तुमी बोलवून दाखवलीसा.”

 बाळासो हातातल्या फडक्यानंच डोळे पुसून म्हणाले, “सोमवारी तुझ्या दोस्तांच्या सायकली बी घेऊन ये.”